पुलाची मधली कमान

आमच्या संग्रहालयात पुलवाल्या बाईंची खोली आहे. बाई इंजिनिअर होत्या, शहरातले निम्मे पूल त्यांच्या हातचे. त्यांचं टेबल, मोजपट्ट्या, चष्मा आणि एकटीपुरता पलंग तिथे मांडलाय. पलंगाच्या उशाकडच्या फळीवर बाईंनी स्वतः आखून एक पूल कोरून घेतला होता, आणि तो चक्क चुकलाय. डावीकडची कमान अर्ध्यात तुटून उजवीकडच्या कमानीवर जाऊन आदळते. आमचा गाईड रोज सांगतो, "जगाचे पूल बांधले, पण घरी बाईंचा हिशेब गंडला!" लोक खिदळतात. मी तिथल्या लाकडी वस्तूंची दुरुस्ती बघते, त्यामुळे हा शिळा विनोद मला पाठ आहे.

फळीला भुंगा लागला म्हणून मी ती उलटी केली. मागे वरपासून खालपर्यंत करवतीची रेघ होती, तिच्यावर लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या. म्हणजे बाई चुकल्या नव्हत्या. पलंगच मधून कापून अरुंद केला होता.

आमच्याकडे एक खोड आहे, काही म्हणजे काही फेकायचं नाही. मूर्तीचं नाक गळून पडलं तरी त्याला नंबर घालून ठेवतात. मी तडक कोठारात गेले. पोत्यात गुंडाळलेला तुकडा मिळाला, पलंगाचाच नंबर आणि पुढे 'ब'. मधली कमान होती ती. तिच्यावर दोन बाया उभ्या होत्या, दोघींत मिळून एक छत्री.

मला शिसारी आली. उंदरांच्या लेंड्यांची मला येत नाही, त्या झाडण्यात माझी हयात गेली. पण कुणीतरी शांतपणे मापं घेऊन दोघींच्या मधलं अंथरूण कापलं होतं, आणि वर नंबर घातला होता!

दुसरी बाई कोण, ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. त्याच खोलीत तिचा फोटो आहे, खाली पाटी: 'घरकाम करणाऱ्या बाई'. त्या अजून आहेत, वृद्धाश्रमात. मी जाऊन भेटले. पलंग कापल्याचं आणि पूल चुकल्याच्या विनोदाचं सांगितलं, तर विनोदावर म्हातारी खोकेपर्यंत हसली.

"ती चुकेल? भाजी चिरतानासुद्धा मापात चिरायची. ती गेल्यावर मी पलंग मागितला गं, तर म्हणाले, मोडला." मग म्हणाल्या, "मरायच्या आधी एकदा होता तसा दाखव. आणि पाटीवर आम्ही कोण होतो ते खुशाल लिही. आता मी कुणाला भिते?"

पलंग दिला होता बाईंच्या पुतण्यानं. तो आता आमचा विश्वस्त आहे. संचालकांच्या खोलीत बसून तो चहात बिस्कीट बुडवत होता.

"मीच कापायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "शाळेच्या सहली येतात. एवढा रुंद पलंग बघून पोरं काय विचारतील?"

"त्या बाई तुमच्या कोण?"

"मावशी म्हणायचो आम्ही. घरातलीच होती हो! तिच्याच हातचं खाऊन वाढलो."

"मग पाटीवर मोलकरीण?"

"मावशी लिहिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, कुणाची बहीण?" बिस्किटाचा लगदा कपात पडला, तो त्यानं बोटानं काढून खाल्ला.

संचालकांनी घसा साफ केला. "असं करू, सुट्टीच्या दिवशी जोडून दाखवा त्यांना. फक्त स्क्रू वापरा, म्हणजे संध्याकाळी काढता येईल. पाटीचं नंतर बघू." नंतर म्हणजे मावशी गेल्यावर, हे न कळायला मी काही दूधखुळी नाही.

मी स्क्रूला हात लावला नाही. सरस लावला, भरपूर, आणि रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवला. आता तो तुकडा काढायचा तर पुन्हा करवतच चालवावी लागेल, आणि ती मी चालवणार नाही.

सुट्टीच्या दिवशी मावशी काठी टेकत आल्या. पुतण्याही आला, त्या काय बोलतात यावर नजर ठेवायला. मावशींनी फळीवरून हात फिरवला, छत्रीपाशी थांबवला.

"झालं ना समाधान, मावशी?" तो घड्याळ बघत म्हणाला.

"बाळ्या," त्या म्हणाल्या, हात न उचलता. "ताप आला की तू आईकडे राहायचा नाहीस. इथे यायचास, उशी घेऊन. नेमका इथे, या कमानीखाली, आमच्या दोघींच्या मधे झोपायचास. आठवतं?"

तो दाराकडे सरकला.

"मोलकरणीच्या कुशीत काय करत होतास रे तू?"