अत्तराच्या बाटलीचं औषध झालं तेव्हा

मी तपकिरी काचेची एक बाटली बोलतेय. माझ्या पोटात लॅव्हेंडरचं तेल होतं. पोतीच्या पोती फुलं तांब्याच्या भांड्यात वाफवली, तेव्हा कुठे मी गळ्यापर्यंत भरले. साबणात नि अत्तरात मिसळून संपायचं, एवढंच आमच्या कारखान्यातल्या तेलाचं नशीब.

तिथल्या रसायनतज्ज्ञाला सगळे 'नाकाडे' म्हणत. नुसत्या वासावरून तो भेसळ पकडायचा. एके सकाळी भांड्याचं झाकण उडालं आणि वाफेनं त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आठव्या दिवशी जखम चिघळली.

"विष वर चढतंय," डॉक्टर म्हणाले. "उद्या हात कापावा लागेल."

त्याची थोरली बहीण कारखान्यातली भट्टी सांभाळायची. ती तशीच धावत गेली आणि मला खिशात घालून आली.

"ताई, अत्तरानं जखमा बऱ्या झाल्या असत्या तर मी कशाला शिकलो असतो?" डॉक्टर म्हणाले.

"भट्टीवरच्या चटक्यांना आम्ही हेच लावतो. हात उद्या कापायचाच आहे ना? मग आज तुमचं काय जातंय?"

डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. त्यांनी स्वतः जखम धुतली. दंडावर चढलेल्या विषाच्या लाल रेघेच्या टोकाला शाईनं खूण केली. "सकाळपर्यंत. रेघ खांद्याकडे सरकली तर मी थांबणार नाही."

दर दोन तासांनी बहीण मला जखमेवर उपडी करी. संध्याकाळी रेघ खुणेच्या बोटभर वर होती. बहिणीनं तिथे दुसरी खूण केली आणि मला पुन्हा जखमेवर धरलं.

सकाळी डॉक्टर हत्यारं उकळूनच आले. वाकून पाहिलं. रेघ दुसऱ्या खुणेपाशीच थबकली होती.

"रात्रभरात पुढे सरकली नाही. दुपारपर्यंत थांबू."

दुपारी ती पहिल्या खुणेच्याही खाली उतरली.

हात वाचला, दोन बोटं वाकडी राहिली. बहीण गावभर सांगत सुटली, "तेलानं वाचवलं!"

"एका हातावरून काही सिद्ध होत नाही, ताई," नाकाडे म्हणाला. "डॉक्टरांनी जखम धुतली, त्यानंही असेल." मग त्यानं वही उघडली. कोणतं तेल, किती थेंब, कुणाला उतार पडला, कुणाला फोड आले, सगळं लिहिलं. अशा वह्यांतूनच पुढे सुगंधोपचार उभा राहिला.

आता मी रिकामी आहे, त्याच्या भाचीच्या तेलाच्या दुकानात, रस्त्याकडच्या खिडकीत. आज एक बाई तापलेलं बाळ घेऊन आली. "दोन थेंब पाजू का?"

"पाजायचं नाही! आधी दवाखाना गाठा," भाची म्हणाली.

बाई चिडून बाहेर पडली. कोपऱ्यावर डावीकडे दवाखाना, उजवीकडे तेलाचं दुसरं दुकान. ती थांबली. बाई गं, वासानं मन शांत होतं, ते खुशाल घे. पण जिवावर बेतलं की माझ्यावर विसंबू नकोस. वळ, डावीकडे वळ.

ती वळली. डावीकडे.