रस्त्याखालची कोरडी मोरी

मी एक जुनी दगडी मोरी आहे. मोरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भांडी घासायची जागा आली असेल, पण मित्रांनो, ती माझी घरातली बहीण. मी रस्त्याखालची. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना तुमची गाडी कधीतरी माझ्या पाठीवरून गेलीही असेल आणि तुम्हाला पत्ता लागला नसेल. आता माझी कमान फुटली आहे. पश्चिमेकडचे तोंड तेवढे उरले आहे, आणि तेही बुजलेले. तरी माझी गोष्ट सांगायची राहून जाऊ नये, म्हणून बोलते.

निजामाच्या अमदानीत पाथरवटांनी काळा दगड घडवून मला बांधले. माझ्या पोटातून नाला वाहायचा आणि पाठीवरून बैलगाड्या जायच्या. पुढे बैलगाड्यांच्या जागी एसटी आली, मालमोटारी आल्या. मी कुरकुर केली नाही. मग वरच्या अंगाला पाझर तलाव झाला आणि नाल्याचे पाणी तिकडेच अडले. मी ठणठणीत कोरडी पडले. पाण्यासाठी जन्मलेली मोरी कोरडी पडली की तिची गत दळण नसलेल्या जात्यासारखी होते. कुणी ढुंकूनही बघत नाही.

अशात एका सकाळी बानाबाई आली. ती धनगराघरची नवी सून होती. नवऱ्याचे नाव त्रिंबक. त्यांची वस्ती रस्त्याच्या पश्चिमेला आणि चराई पूर्वेला. कापसाची वेचणी झाली की पलीकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरे बसवायला बोलवायचे. रस्ता ओलांडताना दोन मेंढ्या चिरडल्या होत्या, म्हणून ती वाट शोधत खाली उतरली होती. मेंढरे माझ्या अंधाराला बिचकली. तेव्हा बानाबाईने एक कोकरू उचलून छातीशी धरले आणि वाकून माझ्यातून चालू लागली. कोकराच्या मागे त्याची आई आली, आणि आईच्या मागे सारा कळप.

त्या दिवसापासून मी पुन्हा कामाची झाले. रोज सकाळी जाणे, सांजेला येणे. भर उन्हात मेंढरे माझ्या गारव्याला टेकायची. एकदा तर एक मेंढी माझ्यातच व्याली. बानाबाई दगडांवर हात ठेवून म्हणायची, "वरचा रस्ता सरकारचा, खालचा माझा." ते ऐकून मला किती बरे वाटायचे, काय सांगू!

वरच्या रस्त्याचे मात्र काही खरे नव्हते. रस्ता अरुंद आणि गाड्या उदंड. समोरासमोर धडक झाल्याचा आवाज आला की माझे दगड हादरायचे. बानाबाईचा मुलगा अजिनाथ वाळूजला कारखान्यात कामाला लागला, तो मोटारसायकलवर ये-जा करायचा. एका संध्याकाळी पुढे घुसणाऱ्या जीपने त्याला रस्त्याखाली फेकले. जीव वाचला, पण उजवा हात पुन्हा सरळ झाला नाही. तेव्हा रस्ता रुंद करा म्हणून गावोगावच्या लोकांनी रास्ता रोको केला, त्यात अजिनाथ पुढे होता. मी तरी कशाला खोटे बोलू? रस्ता मोठा व्हावा असे मलाही वाटत होते.

मग एका उन्हाळ्यात मोजणीची माणसे आली. बानाबाई मेंढरे घेऊन पलीकडे गेली होती आणि त्रिंबक माझ्या सावलीत भाकरी खाऊन लवंडला होता. टोपी घातलेल्या साहेबाने आत डोकावून त्याला विचारले, की बाबा, पावसाळ्यात इथून पाणी किती येते?

त्रिंबक उठून बसला. त्याच्या चेहऱ्यावर अगदी घरच्या लेकीचे कौतुक सांगावे तसा भाव होता.

"थेंब नाय, साहेब. बारा महिने कोरडी. लई गुणाची मोरी हाय."

मेंढक्याला ओलीचे भय फार. ओलीत खुरे कुजतात, कोकरे गारठून मरतात. म्हणून त्याने तोंडभरून माझा कोरडेपणा सांगितला. पण जिथून पाणी जात नाही तिथे मोठी मोरी कशाला, असे साहेबाच्या हिशेबात बसले. साहेबाने आभार मानले आणि तो निघून गेला. इथून मेंढरे जातात, हे सांगायचे त्रिंबकच्या मनातही आले नाही. रोजच्या वाटेचे कोण सांगत बसतो?

पुढच्या वर्षी यंत्रे आली. माझी कमान फोडून पोटात सिमेंटच्या अरुंद नळ्या टाकायला लागले, तेव्हा बानाबाई तशीच धावत साइटवरच्या सुयश नावाच्या तरुण इंजिनिअरकडे गेली. पोरगा भला होता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, सगळे ऐकून घेतले. पण नकाशा वरून मंजूर झाला होता. इथे पाणी येत नाही असे इथल्याच माणसाने सांगितले होते, असे तो म्हणाला. फाट्याजवळ माणसा-जनावरांसाठी भुयारी रस्ता होणार आहे, तिकडून जा, असेही त्याने सांगितले. फाटा इथून लांब, आणि तिथवर कळप न्यायचा तो महामार्गाच्या कडेनेच.

बानाबाई माझ्याजवळ परत आली. असे सांगणारा शहाणा कोण, म्हणून तिने त्रिंबकला विचारले. त्रिंबक मेंढरांकडे बघत राहिला. तोंडात मूग धरून बसण्याचे पाप मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

रस्ता झाला. चार पदरी, मधे दुभाजक. खोटे कशाला सांगू, धडकांचे आवाज थांबले. अजिनाथ दिवेलागणीच्या आत घरी येऊ लागला. पण माझ्या तोंडाशी रोज सकाळी मेंढरे येऊन थबकायची. भुरी नावाची म्हातारी मेंढी सगळ्यांच्या पुढे असायची. ती नळीत तोंड घालायची आणि मागे सरायची. मग बानाबाई कळप वर चढवायची. त्रिंबक पुढे होऊन हात हलवत गाड्या थांबवायचा, ती मागून हाकायची. अजिनाथने पुष्कळ विनवले, की आई, मेंढरे विकून टाक.

"मेंढरं इकून म्या काय करू?" ती म्हणाली. "भिंतीकडं बघत बसू?"

एका सकाळी अर्धा रस्ता पार झाला आणि दुभाजकाशी भुरी बिचकली. ती वळली आणि जुन्या सवयीने माझ्याकडे पळाली. एक वळली की सगळी वळतात, मेंढरांची जातच तशी. त्यांना वाचवायला बानाबाई मागे धावली. भाजीच्या पिकअपवाल्याने ब्रेक दाबले, ते मी ऐकले. तो बिचारा खाली उतरला आणि डोके धरून रस्त्यातच बसला. मेंढरे उतारावरून धडाधड माझ्या तोंडाशी येऊन नळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. बानाबाई वरच राहिली.

मेंढरे विकली गेली. तिचे दिवस झाल्यावर त्रिंबक माझ्यापाशी येऊन बसला. त्याला न्यायला अजिनाथ आला, तेव्हा म्हातारा माझ्या दगडाकडे बघूनच बोलला.

"साहेबानं इचारलं, पाणी किती येतं. म्या म्हणलो, कोरडी हाय. म्याच सांगितलं."

अजिनाथ खाली बसला. वरून गाड्या चालल्याच होत्या. तो हळूच म्हणाला, "आईला सांगायचं व्हतं, बा. तिनं साहेबाचे पाय धरले असते."

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या रस्ते आखतील. रस्ते जरूर रुंद करा, त्याने जीव वाचतात, हे मी कानांनी ऐकले आहे. पण माझ्यासारखी मोरी दिसली तर पाणी किती जाते एवढेच विचारून उठू नका. कोण जाते, तेही विचारा. आणि कुणी तुमच्या दारी माप घेऊन आले, तर विचारले तेवढेच सांगून गप्प बसू नका. चुकून काही बोललात, तर मागून जाऊन दुरुस्त करा. त्यात कसली लाज? त्रिंबक अजून रोज येतो. पाण्यावाचून मी जगले होते. बानाबाईवाचून आम्हा दोघांनाही करमत नाही.