बारा पन्नासची हजेरी

"ताई, हे नुसतं गोल गोल फिरतंय." दादांनी फोन खिडकीतून आत सरकवला. "मघापासून बघतोय. पुढेही जात नाही, मागेही येत नाही."

खिडकीतल्या ताईंनी फोनला हात लावला नाही. आधी चष्म्यावरून दादांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"जेवलात?"

"जेवण कसलं घेऊन बसलात! एक दहाची गाडी आहे माझी. शेवटची."

"मग आधी पाणी प्या. फोन कुठे पळून जात नाही."

मी दादांच्या मागेच उभा होतो. अकरा वर्षं मी त्यांच्या गाडीवर कंडक्टर. एकतीस वर्षं या माणसाने बस चालवली आणि एक दिवस उशिरा आला नाही. आज संध्याकाळी सहाला निवृत्त व्हायचे होते. एक दहाची जाऊन-येऊन फेरी झाली की संपलं. नवा गणवेश नाही शिवला, पण जुन्याला इतकी इस्त्री केली होती की बाहीच्या घडीवर भाजी चिरता आली असती. आणि सगळं अडलं होतं कशावर, तर हजेरीच्या ॲपवर.

आमच्या डेपोत हजेरी फोनवर लागते. सकाळी वरून फर्मान आलं होतं की ॲपची नवी आवृत्ती घेतल्याशिवाय हजेरी लागणार नाही. आणि हजेरी गाडी सुटण्याच्या वीस मिनिटं आधी लागली नाही, तर गाडी आपोआप राखीव ड्रायव्हरच्या नावावर चढते. मग साहेबांनाही ती फिरवता येत नाही. म्हणजे बारा पन्नास. राखीव ड्रायव्हर समोरच्या बाकावर बसला होता. भला माणूस. दादांकडे बघायचं टाळून स्वतःच्या बुटांची लेस तिसऱ्यांदा बांधत होता. भिंतीवरच्या घड्याळात बारा दहा झाले होते.

आता या ताईंबद्दल सांगायला हवं. सव्वीस वर्षं त्या या खिडकीत बसून ड्युटीच्या चिठ्ठ्या देत होत्या. कोणाची गाडी कोणती, कोणाला पहाटेची झेपत नाही, कोणाची बायको दवाखान्यात आहे, हे त्यांना तोंडपाठ. मग ॲप आलं आणि चिठ्ठ्या बंद झाल्या. ताईंना सांगण्यात आलं की वर्षअखेरपर्यंत बसा, मग खिडकी बंद करू. दुसऱ्या कोणी त्या वर्षात स्वेटर विणले असते. मी तरी नक्कीच झोपा काढल्या असत्या.

मुख्य कचेरीतून ॲप शिकवायला एक तरुण साहेब आला होता. प्रत्येक अडचणीला त्याच्याकडे एकच औषध, काढून टाका आणि परत टाका. दुपारच्या चहानंतर तो गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी साठ ड्रायव्हर साठ बंद पडलेले फोन घेऊन साहेबांच्या केबिनबाहेर उभे. आरडाओरडा, शिवीगाळ. तेव्हा ताई आपणहून म्हणाल्या, इकडे द्या, बघू. त्यांना तेव्हा स्वतःच्या फोनवर फोटो पाठवता येत नव्हता. त्यांनी नणंदेचा जुना फोन मागून घेतला, तो घरी मुद्दाम बिघडवायचा आणि मुद्दाम दुरुस्त करायचा असा महिनाभर उद्योग केला. नणंद म्हणाली, वहिनी, वेड लागलंय तुला. ताई म्हणाल्या, लागू दे, बसून गंज लागण्यापेक्षा बरं. एकदा मी त्यांना विचारलं होतं की तुम्हाला राग येत नाही का या ॲपचा. त्या हसल्या. "ज्याने माझी खुर्ची काढली त्याचीच तब्येत सांभाळतेय, कंडक्टर. नशीब असतं एकेकाचं."

तर दादा पाणी प्यायले. ताईंनी फोन हातात घेतला.

"डाउनलोड प्रलंबित, म्हणतोय. म्हणजे रांगेत उभा आहे. तुमच्या फोनमध्ये आणखी कोण कोण अपडेट होतंय बघू या." त्यांनी दुकानाचं चित्र दाबलं, म्हणजे जिथून ॲप येतात ते. "हे बघा. चार जण पुढे घुसलेत. हा पत्त्यांचा खेळ कोणाचा?"

"नातीचा," दादा ओशाळले.

ताईंनी चौघांना थांबवलं. चक्र फिरत राहिलं. मग फोन म्हणाला, जागा अपुरी.

"आता काढायचं काय?" ताईंनी फोटोंचा गठ्ठा उघडला. सुप्रभात, सुप्रभात, सुप्रभात. फुलं, सूर्य, कपबश्या. "दादा, हे दोनशे सूर्य तुम्हाला लागतात?"

"छे हो. येतात आणि साठतात."

"मग यांना मावळू दे." राखीव ड्रायव्हरही हसला. पण पुढे व्हिडिओ आले तशा ताई थांबल्या. एकेक दाखवून विचारायला लागल्या. हा ठेवायचा? हा? घाईत होतो आम्ही, पण या बाईंनी एकही व्हिडिओ न विचारता पुसला नाही. नात सायकलवरून पडते आणि उठून हसते, तो दादांनी दोन्ही हात हलवून वाचवला.

जागा झाली. बारा बावीस. पुन्हा दाबलं, तर नवीनच पाटी, सर्व्हरशी जोडणी होऊ शकली नाही.

"डेपोचं नेट आहे, त्याचं काय सांगावं," ताई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या फोनचं नेट दादांच्या फोनला जोडून दिलं. तीच पाटी. दुकानाच्या ॲपमध्ये साठलेला जुना कचरा साफ केला. तीच पाटी. फोन बंद करून चालू केला. दादांचा फोन इतका म्हातारा की उठायला तीन मिनिटं घेतो. आम्ही तिघे त्या काळ्या काचेकडे बघत राहिलो. मी मनात नको नको ते बोललो.

"कळत नाहीये," ताई म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या. मला त्यांचं हेच आवडतं. साहेब लोकांना कधी 'कळत नाही' म्हणताना मी ऐकलेलं नाही. "पण कळेल. कुठेतरी साधंच असणार."

तेवढ्यात डेपोसाहेब आले. वाईट नाहीत ते, पण त्यांच्यामागे सतत कोणीतरी लागल्यासारखे चालतात.

"ताई, कशाला जीव काढताय? सगळा फोन पुसून कोरा करा, नाहीतर गाडी याला देऊ." त्यांनी राखीव ड्रायव्हरकडे मान उडवली. "दादा, वाईट वाटून घेऊ नका. निरोपाचा कार्यक्रम करूच की आपण. एक फेरी काय आणि नाही काय."

दादांनी टोपी काढली, आतल्या बाजूने पुसली आणि परत घातली. एक फेरी काय आणि नाही काय! ज्याने फेऱ्यांमध्ये आयुष्य घातलं त्याला हे सांगायचं? मला साहेबांचा भयंकर राग आला.

"साहेब," ताई शांतपणे म्हणाल्या, "कोरा केला तर यांच्या नातीची सायकल जाईल. आणि तरी चालेल याची खात्री नाही. बारा पन्नासला वेळ आहे अजून."

"कसला वेळ," दादा म्हणाले. त्यांनी फोनकडे बोट केलं. "बारा पंचेचाळीस झाले. पाच मिनिटं राहिली. जाऊ द्या ताई. तुम्ही खूप केलंत."

ताईंनी भिंतीकडे पाहिलं. मग फोनकडे. मग पुन्हा भिंतीकडे.

"अडतीस झालेत, दादा."

"ते... माझं घड्याळ सात मिनिटं पुढे असतं." दादा एकदम शाळकरी मुलासारखे दिसायला लागले. "घरातलं, हातातलं, फोनमधलं. नोकरीला लागलो तेव्हापासून. म्हणून तर उशीर होत नाही."

"फोनचं घड्याळ तुम्ही हाताने लावता?"

"हो. नाहीतर ते आपलं आपणच खरं होऊन बसतं."

ताई खुर्चीत सरळ झाल्या. "काल सुट्टी होती तुमची. फोनचं काय केलंत काल?"

"बॅटरी बदलून आणली. फोन परत मिळाला तर वेळ भलतीच. मग मी लावली, सात मिनिटं पुढे करून."

"आणि तारीख?"

"तारीख कशाला बघू? ती कॅलेंडरवर असते की."

ताईंनी तारीख उघडली. फोनच्या मते ती तीन वर्षांपूर्वीची कुठलीशी होती. तीन वर्षांपूर्वी! मला हसू की रडू कळेना. साहेब पुढे वाकून बघायला लागले.

"पलीकडचं मशीन प्रत्येकाची तारीख बघूनच दार उघडतं," ताई दादांना समजावत म्हणाल्या, जणू अख्खी दुपार पडली होती. "तुमचा फोन तीन वर्षांपूर्वीचा पत्ता सांगतोय. ते म्हणतं, हा कोण भामटा? म्हणून आत घेत नाही. आता तारीख आणि वेळ फोनची फोनला लावू द्यायची. म्हणजे तुमची सात मिनिटं जातील. चालेल?"

एवढं सगळं पाण्यात जायची वेळ आली होती, आणि या बाई परवानगी मागत होत्या! दुसऱ्या कोणी बटण दाबून मोकळं झालं असतं. दादांनीही लगेच हो म्हटलं नाही. क्षणभर त्यांनी खरोखर विचार केला.

"जाऊ दे," ते म्हणाले. "आज संध्याकाळनंतर ती मिनिटं ठेवून तरी काय करू?"

ताईंनी बटण सरकवलं. घड्याळ मागे आलं, बारा एक्केचाळीस. तारीख आजची झाली. त्यांनी ॲपचं अपडेट पुन्हा दाबलं, आणि इतका वेळ रिकामं फिरणारं ते चक्र हिरवं भरायला लागलं. दहा टक्के. पंचवीस. राखीव ड्रायव्हर बाकावरून उठून आमच्या मागे येऊन उभा राहिला होता. साठ टक्के.

मग फोन एकदम वाजायला लागला. टिंग. टिंग टिंग. थांबेचना.

"हे काय आता?" साहेब दचकले.

"निरोप आहेत," ताई म्हणाल्या. "काल फोन हातात आल्यापासून अडकलेले. तुमची तारीख चुकली होती ना, म्हणून तेही बाहेर उभे होते. जुने ड्रायव्हर दिसतायत. हा तुमच्या भाचीचा. आणि ही कोण, शाळेच्या फेरीतली मुलगी म्हणतेय, काका, तुम्ही माझ्यासाठी थांब्यावर थांबायचात."

दादांनी फोन घेतला नाही. त्यांनी खिडकीची पट्टी दोन्ही हातांनी धरली होती.

"मला वाटलं कोणाच्या लक्षातच नाही," ते म्हणाले. "कालपासून एकाचाही मेसेज नाही. मी बायकोलाही बोललो नाही. म्हटलं, असेल. ड्रायव्हरचं तोंड कोण बघतं, पाठच दिसते."

ताईंनी त्यावर काही सांत्वन केलं नाही. "बारा शेहेचाळीस," त्या म्हणाल्या. "आधी हजेरी लावा. वाचायला पुढे अख्खा जन्म आहे."

हजेरी लागली. हिरवी बरोबरची खूण आली आणि राखीव ड्रायव्हरने टाळी वाजवली. साहेबांनी दादांच्या पाठीवर थाप मारली आणि पुन्हा घाईघाईने निघून गेले. एक दहाला, एकही सेकंद इकडे-तिकडे न होता, दादांनी गाडी फाटकाबाहेर काढली. त्या फेरीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. प्रत्येक थांब्यावर थांबलो, म्हाताऱ्या माणसांना चढायला वेळ दिला, एका ठिकाणी वळणावर रिक्षावाल्याला शिवी दिली. रोजच्यासारखी फेरी झाली. दादांना तीच तर हवी होती.

सहाला परतलो. ताईंची सुट्टी चारला होते, पण खिडकी उघडी होती. दादांनी गाडीची किल्ली आत जमा केली, मग फोन काढून पट्टीवर ठेवला.

"ताई, आता हे काढून टाकायचं. मला नाही येत."

"राहू दे की. खात नाही काही."

"उद्या पहाटे हजेरीची आठवण करून देईल. मी उठून बसेन. काढा."

ताईंनी हजेरीच्या चित्रावर बोट दाबून धरलं. फोनने विचारलं, नक्की काढायचं? त्यांनी फोन दादांकडे वळवला. दादांनी चष्मा लावला, नीट वाचलं आणि 'हो' दाबलं.

ना चक्र, ना टक्के. सर्व्हर काही बोललं नाही, जागा कमी पडली नाही. चित्र गेलं आणि शेजारचं चित्र सरकून त्याच्या जागेवर येऊन बसलं.

"झालं?" दादांनी विचारलं.

"झालं."

"टाकायला सकाळपासून..."

"हो ना," ताई म्हणाल्या.

दादा तरीही खिडकीबाहेर उभे राहिले. इतकी वर्षं तिथून काहीतरी हातात पडल्यावरच ते वळायचे, चिठ्ठी तरी, फोन तरी. आता काही यायचं नव्हतं आणि पाय निघत नव्हते. मी माझी पिशवी उगाच उघडली आणि बंद केली.

ताई उठल्या. त्यांनी बाजूचं दार आतून उघडलं. ड्रायव्हर-कंडक्टरांपैकी त्या दारातून आत कोणी कधी गेलेलं नव्हतं.

"या, दादा. आत बसा जरा."

त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे ओढली, तिच्यावरची उशी झटकून उलटी केली आणि दादा बसेपर्यंत टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.