तोंड मिटलेली खोळ

मित्रांनो, या दुकानात जो कोणी येतो तो आधी माझ्या तोंडात बोट घालून बघतो. मग हसतो. तुम्हीही घाला. मला आता सवय झाली आहे.

मी पिस्तुलाची एक जुनी चामडी खोळ आहे. पट्ट्यावर उघड्यावर मिरवणाऱ्या माझ्या बहिणी वेगळ्या. मी पँटच्या आत, शर्टाखाली, माणसाच्या कातडीला चिकटून राहणारी. कुणाच्या नजरेस पडायचे नाही, हेच माझे काम होते. आता मात्र आल्मेडा बाईंनी मला दाराच्या अगदी समोर, भिंतीवर खिळा ठोकून टांगले आहे.

आल्मेडा बाई पूर्वी खोगिरे शिवायच्या. अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या आमच्या गावात घोडे उरले नाहीत, तशा त्या खोळी शिवू लागल्या. मला त्यांनी गायीच्या खांद्याच्या कातड्यातून कापले, पाण्यात भिजवले, माझ्यात पिस्तुलाचा प्लास्टिकचा साचा कोंबला आणि हाडाच्या पट्टीने दाबून दाबून त्याचा एकेक कंगोरा माझ्या अंगावर उमटवला. वाळले तेव्हा मी लाकडासारखी कडक झाले होते. बाईंनी साचा उपसून काढला, तरी माझे तोंड आ वासलेलेच राहिले.

"अशीच राहा," त्या म्हणाल्या. "मिटलीस तर माझ्याकडे कात्री आहे."

जन्माच्या दिवशीच मी माझे मरण ऐकले.

मला घ्यायला आला तो थॅडियस ग्रिग्ज. साठीला टेकलेला, पोटाने सुखी, शाळेची बस चालवणारा. रस्त्यापलीकडच्या शिलोह चर्चचा तो डीकन, म्हणजे पाद्रींचा मदतनीस होता. रविवारी कुणीतरी पिस्तूल घेऊन दारावर लक्ष ठेवावे असे मंडळींनी ठरवले, आणि थॅडने ते काम मागून घेतले. सोबत त्याचा मेव्हणा क्लीटस होता. त्याला स्वतःला काही घ्यायचे नव्हते, तो फक्त बोलायला आला होता.

बाईंनी दोघींना टेबलावर ठेवले. मी आणि माझी एक बहीण. बहिणीच्या तोंडाभोवती चामड्याचा दुसरा थर होता आणि त्यात पोलादाची पट्टी शिवलेली होती.

"ही घे," बाई म्हणाल्या. "पिस्तूल काढलं तरी हिचं तोंड मिटत नाही. साधी खोळ मऊ पडली की कडा आत वळते. पिस्तूल परत ठेवताना ती चापात अडकते. पुढचं मी सांगायला नको."

थॅडने बहिणीला कमरेत खोचले, वाकून बघितले आणि कण्हला. "पोटात रुततेय हो ही."

"दाजी, ती पट्टी नाही रुतत," क्लीटस म्हणाला. "आमच्या ताईच्या हातच्या बरगड्या रुततायत. डुकराच्या."

"तू गप रे."

"दोन महिने दोन्ही रुततील," बाई म्हणाल्या. "मग कमरेशी ओळख होईल. साधी घेतलीस तर मऊ पडल्याबरोबर माझ्याकडे आणायची, मी कापून टाकीन. आणि तेल लावायचं नाही. थेंबभरसुद्धा नाही. ऐकलंस?"

"ऐकलं, ऐकलं," असे म्हणत थॅडने मला उचलले. बहीण टेबलावरच राहिली. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

पण थॅडला सुख नव्हते. माझी कड त्याला चावायची. तो मला शिव्या घालायचा आणि डीकन असल्यामुळे लगेच क्षमा मागायचा, अर्थात देवाची, माझी नव्हे. तरीही रविवारची मी वाट बघत असे. आमच्या चर्चमध्ये प्रवचनाआधी डीकन खुर्चीपुढे गुडघा टेकतो आणि सुरात प्रार्थना उचलतो. थॅडने गुडघा टेकला की अख्खे चर्च चिडीचूप होई. त्याचा आवाज गळ्यातून येत नसे. तो पोटातून, माझ्या पाठीमागून, विहिरीतून पाणी वर यावे तसा येई. मग एकेक बाई हुंकार देई, एकेक म्हातारा ती ओळ झेली, आणि तो सूर तयार झाला की पुरिफॉय पाद्री उठत. सुरुवातीला ते नुसते बोलत. बोलता बोलता श्वास ठेक्यात पडे, शब्द ताणले जात, आणि कुठल्या क्षणी बोलण्याचे गाणे झाले ते कुणालाच कळत नसे. पाद्री म्हणत, "थॅडचा गुडघा जमिनीला लागल्याशिवाय माझा गळा सुटत नाही." थॅडच्या आयुष्यात बढाई मारण्यासारखे एवढेच होते. बस कुणीही चालवते.

एका रविवारी तो गुडघे टेकत असताना मी जोरात चावले. ओळीच्या मधोमध त्याचा सूर फाटला. बाहेर आल्यावर क्लीटस बोलला. "दाजी, देवानं चिमटा काढला वाटतं!" पायऱ्यांवरची सगळी मंडळी हसली.

थॅड घरी आला आणि त्याने फडताळातून तेलाची बाटली काढली. गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेले ते तेल, म्हणजे माझ्याच जातीचे. आमच्या गावात चेंडू झेलायच्या हातमोज्याला ते लावतात. नवा मोजा तेलात माखायचा, चेंडू आत ठेवून सुतळीने आवळायचा आणि गादीखाली दाबून ठेवायचा, हे थॅडला त्याच्या बापाने शिकवले होते. चामड्याविषयी त्याला एवढेच ज्ञान होते.

"आल्मेडाने नको सांगितलं होतं ना?" त्याची बायको ओझेला म्हणाली.

"तिने जन्मात कधी चेंडू झेललाय का? चामडं ते चामडं."

"मग चेंडू पण घाल तिच्यात."

"गादीखाली ठेवतो. आठ दिवसांत बघ कशी लोणी होते."

"माझ्या बाजूला नको ठेवू. तुझ्याच बरगड्यांखाली ठेव."

मित्रांनो, खरे सांगते. माझ्यात जीव होता तर मी ते तेल थुंकून टाकायला हवे होते. मी ते प्याले. आजवर मला सगळ्यांनी दाबले होते, कुणी चोळले नव्हते. थॅडचा अंगठा माझ्या शिवणीवरून फिरत होता, आणि मला वाटले की हेच ते प्रेम, ज्याच्यावर पाद्री दर रविवारी गातात. मी मऊ झाले. गादीखाली चपटी झाले. पुढच्या रविवारी थॅडने गुडघा टेकला आणि मी दुमडून त्याच्या पोटाला मिठी मारली. सूर असा लागला की पाद्रींनी घाम पुसला. घरी थॅडने मला थोपटले. मग दर महिन्याला तेल सुरू झाले. तिसऱ्या वर्षी पिस्तूल बाहेर निघाले की माझे तोंड दात नसलेल्या म्हातारीसारखे मिटू लागले. कात्रीची आठवण मला रोज येत होती. मी बोलत नाही, म्हणून वाचले. म्हणजे असे मला वाटले.

गाव सोडून गेलेले लेक-सुना ज्या रविवारी चर्चला परततात, तो रविवार होता. ओझेलाची रताळ्याची गोड पाई अजून भट्टीत भाजत होती, म्हणून दोघांना उशीर झाला. गाडी चालवताना थॅड पिस्तूल काढून बाजूला ठेवत असे. चर्चच्या आवारात उतरून, उभा राहून, तो ते परत माझ्यात सारत असे. आत गाणे सुरू झाले होते.

"आज तरी गाडीत राहू दे ते," ओझेला म्हणाली. तिच्या हातात गरम पाईचे ताट होते.

"दारावर माणूस नको?"

"माणूस असू दे. लोखंड गाडीत राहू दे. चल, प्रार्थना कोण उचलणार? क्लीटस?"

त्या नावाने त्याचे हात घाईला आले. त्याने खाली बघितले नाही. चर्चच्या दाराकडे बघत त्याने पिस्तूल माझ्यात खुपसले. मी उघडायला बघितले. कशाने उघडणार? माझी कड आत वळली आणि चापावर जाऊन बसली. त्याच्या हाताला ते लागले. लागले, हे मला ठाऊक आहे, कारण हात एक क्षण थांबला. मग मोज्यात पंजा घालताना रेटतात तसा त्याने रेटा दिला.

आवाज झाला. आत कुणाला वाटले ढोलवाल्याने जोरकस ठोका दिला. "आमेन!" असा अख्ख्या चर्चचा गजर उठला.

गोळी मांडीतून उतरून गुडघ्यात शिरली. पाईचे ताट त्याच्या शेजारी उलटे पडले होते.

चार वर्षांत त्या पिस्तुलाने एकही चोर बघितला नव्हता. डॉक्टरांनी पाय वाचवला, गुडघ्याच्या जागी सळई घातली. तो पाय आता वाकत नाही. क्लीटसने रुग्णालयातच गोष्ट तयार केली: "दाजी दारावर उभे होते, संशयित माणूस दिसला आणि त्यांनी त्याला गोळी घातली. नेम चुकला नाही!" गावात ती अजून सांगतात.

कुबड्या घेऊन थॅड या दुकानात आला आणि त्याने मला टेबलावर फेकले. "बघा तुमची खोळ!"

आल्मेडा बाईंनी माझ्या तोंडात बोट घातले. मग बोटाचा वास घेतला. "हिला तेल कुणी पाजलं?"

थॅडने एक कुबडी टेबलाला टेकवली. मग म्हणाला, "माझ्या बापाचा मोजा तीस वर्षं टिकला."

"मोजा मिटायला असतो, थॅड. खोळ उघडी राहायला असते."

"गुडघा टेकता यावा म्हणून लावलं हो." त्याने त्या ताठ पायाकडे बघितले. "कापून टाका तिला."

बाईंनी कात्री उचलली. मला भीती वाटली नाही. वाटले, चला, एकदाचे सुटलो, मी आणि तो दोघेही. कात्रीची गार पाती माझ्या तोंडावर टेकली आणि तिथेच थांबली.

"नको," बाई म्हणाल्या. "हिला कापलं तर पुढच्याला मी काय दाखवू?"

"माझं हसं करणार तुम्ही."

"हो," बाई म्हणाल्या आणि खिळा शोधू लागल्या.

तेव्हापासून मी इथे आहे. दर रविवारी पलीकडून गाणे येते. प्रार्थना आता क्लीटस उचलतो, दारावरचे कामही त्याच्याकडेच आले आहे. त्याला कमरेत बसलेली माझी पोलादी बहीण चावते, पण तो चावू देतो. पाद्रींचा गळा सुटायला वेळ लागतो. थॅड मागच्या बाकावर पाय वाटेत पसरून बसतो आणि लोक तो ओलांडून जातात. ओळ झेलताना एक आवाज अर्धा श्वास मागे राहतो, तो मी लगेच ओळखते. तो अजूनही पोटातूनच येतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, पुसा, तेल द्या. मी तसे म्हणणार नाही. ज्याला तुम्ही जपता, ते कशासाठी केलेले आहे ते आधी विचारा. माझ्यासारखी मऊ, लाडावलेली एखादी खोळ घरात कुणाच्या कमरेला दिसली, तर मोठ्यांना सांगा: पिस्तूल बाजूला ठेवा, तिच्या तोंडात बोट घाला. तोंड मिटलेले असेल तर दया करू नका.

माझ्यातही घाला बोट. हसा पोटभर. आणि हसून झाले की एवढेच करा: बाईंच्या टेबलावर ती कात्री अजून तशीच पडली आहे, ती उचला आणि मला सोडवा.