स्टॅकिओजच्या दोन कड्या

प्रयोगशाळेत तिला सगळे साखरबाई म्हणत. सोयाबीनमध्ये कुठली साखर किती, हे मोजण्यात तिची बारा वर्षं गेली होती. तिच्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली आणि आठव्याच दिवशी पोर पिवळी पडली, प्यायलेलं दूध ओकू लागली. दुधातून मिळणारं गॅलॅक्टोज तिच्या अंगाला पेलत नव्हतं; ते तिला विषासारखं बाधत होतं. आईचं दूध बंद झालं. डॉक्टरीणबाईंनी सोयाची भुकटी लिहून दिली आणि घराचा जीव भांड्यात पडला.

साखरबाईला मात्र चैन पडेना. सोयाबीनमधली स्टॅकिओज ही साखर तिला तोंडपाठ होती. चार कड्यांची साखळी: फ्रुक्टोज, ग्लुकोज आणि त्यापुढे दोन गॅलॅक्टोज.

"चमचाभर भुकटी मला दे," ती बहिणीला म्हणाली.

"का गं ताई? त्यात काही आहे का?"

"नसावं. सहज बघते."

दुसऱ्या दिवशी यंत्रासमोर ती चाळीस मिनिटं बसून राहिली. तिकडे पोर दर तीन तासांनी बाटली संपवत असणार, हे डोक्यातून जाईना. पडद्यावर रेघ सरळ चालली होती. स्टॅकिओजच्या जागी ती जराशी उचलली. अगदी नखाएवढी. पण होती.

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावून ते सांगितलं.

"भुकटी करताना बरंचसं धुऊन जातं, उरतं ते इतकंच," त्या म्हणाल्या. "आणि त्या साखळीतून गॅलॅक्टोज तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं. हे तुम्हाला मी सांगायचं?"

"माहीत आहे. पण मोठ्या आतड्यातले जंतू तोडतात. त्यातलं थोडं रक्तात गेलं तर?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणून तर परवा रक्त तपासायचंय. तोवर बाटली थांबवू नका. उपाशी ठेवणं जास्त वाईट."

ते दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. बहिणीकडे गेली की पोरीला उजेडात नेऊन डोळे पिवळे दिसतात का ते बघायची.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. रक्तातलं गॅलॅक्टोज आधीच्या निम्म्याहून खाली उतरलं होतं. तेव्हा कुठे तिने बहिणीला सगळं सांगितलं.

बहिणीने पोरीला छातीशी धरलं. मग म्हणाली, "माझी पोर, आणि मलाच सांगितलं नाहीस. पुन्हा असं करू नकोस, ताई."

"नाही करणार."

बहिणीने पोर तिच्या मांडीवर दिली आणि बाटलीसाठी पाणी गरम करायला आत गेली.