गुलाबी मूठ

माघातली ओहोटी. समुद्र आपली निळीकरडी वस्त्रे आवरीत दूर सरकलेला, आणि त्याच्या मागे उघडे पडलेले काळे, खरखरीत, शैवालओले खडप. खळग्याखळग्यांत साचलेले आकाश. दगडादगडाला शिंपल्यांनिशी चिकटलेली कालवे: मिटलेली, हट्टी, धारदार, अबोल.

त्या खडपावर द्वारका तांडेल उकिडवी बसली होती. एकसष्ट वर्षांची, खारवलेल्या लाकडासारखी. संधिवाताने सात वर्षांत तिचे हात नव्याने घडवले होते. सांध्यासांध्यावर गाठी, आणि वाऱ्याने वाकवलेल्या केवड्यागत सगळी बोटे एका अंगाला कललेली. सकाळी मूठ मिटत नसे. मिटली तर उघडत नसे. कालवे फोडायचा लोखंडी टोचा या हंगामात तीनदा तिच्या हातून निसटला होता, आणि तीनदा वाडीतल्या बायका म्हणाल्या होत्या, "द्वारकाबाय, तू आता काठारच बस."

काठावर बसायचे! तिच्या लेखी ते जिवंतपणी तिरडीवर बसणे होते.

आज तिच्यासमोर ऋजुता पाटणकर उभी होती. पुण्याच्या एका संस्थेत अवजारांचे डिझाइन करणारी, गोरी, हसरी, उन्हाला नवखी. दुखऱ्या हातांसाठी तिने टोच्याची एक मूठ घडवून आणली होती. कमलदलकोमल, नवनीतस्निग्ध, गुलाबी. दिल्लीत त्या मुठीला पारितोषिक मिळालेले. मखमलीच्या पेटीत निजून ती इथवर आलेली. आता किनाऱ्यावरच्या दोनशे बायकांसाठी तशाच दोनशे मुठी साच्यात ओतायच्या होत्या. त्याआधी मूठ वापरून पाहून द्वारकेची मान तेवढी हलायला हवी होती.

"धरून बघा ना, मावशी. अगदी तुमच्यासाठीच केलीय."

मावशी! द्वारकेच्या ओठाची एक कड खाली गेली. कालपर्यंत जिने नाव ऐकले नव्हते, ती आज बहिणीची लेक होऊन आली होती.

तिने मूठ धरली. ओल्या तळव्यात ती मासोळीसारखी फिरली. पहिलाच घाव कालवावरून घसरला आणि तिच्याच डाव्या हातावर उतरला. रक्ताची बारीक रेघ उमटली. ऋजुता किंचाळली. द्वारकेने हात खाऱ्या पाण्यात बुडवला, आणि नासलेल्या बांगड्याकडे पाहावे तसे त्या मुठीकडे पाहिले.

"ही मूठ कोणाचो हात बघून केलंस गो?"

ऋजुता अडखळत सांगू लागली. चाळीस हातांची मापे घेतली होती. पकडीचा जोर मोजला होता. हात संस्थेतल्याच मुलामुलींचे. त्यांची बोटे आखडावीत म्हणून जाड मोजे चढवले होते.

"मोजे!" द्वारका हसली. शिंपल्याची धार असलेले हसू.

मोजे, जे दुखले की काढता येतात! मोजे, जे चहाच्या वेळी टेबलावर ठेवता येतात! आणि त्या मोज्यांच्या मापाने ही चकचकीत बाहुली, ही हात न लागलेली हाताची सोय!

तिने टोपलीची सुंभाची दोरी सोडली.

"हात फुडे कर."

ऋजुतेने केला. द्वारकेने तिच्या बोटांच्या बेचक्यांत खडे ठेवले, अंगठा आत वळवला आणि आपल्या वाकड्या बोटांनी, दातांनी, ती दोरी करकचून आवळली. मग गुलाबी मुठीचा टोचा त्यात खुपसला.

"ह्यो माजो हात. आता फोड."

एक घाव. मूठ फिरली. दुसरा घाव. टोचा पडला. पाचवा, नववा, चौदावा. ऊन चढले, कपाळ निथळले, सांध्यांत खडे रुतले. एकही कालव उघडले नाही.

"सोडा ना, मावशी. खूप दुखतंय."

"माजे गाठी कोण सोडता? फोड."

ऋजुता रडली. मग रडता रडताच संतापली. दातांनी गुलाबी मूठ लोखंडावरून ओढून काढून तिने खडपावर भिरकावली. डाव्या हाताने ओढणी काढून लोखंडाभोवती गुंडाळली, वेढ्यावर वेढा, जाड, ओबडधोबड, आणि टोक मनगटाला बांधले. बोटांनी धरायचे तिने सोडून दिले. खांद्यातून घाव घातला. कालवाचा ओठ कणभर फुटला.

द्वारका पहिल्यांदाच जवळ सरकली.

"खंय दुखता?"

"अंगठ्याच्या मुळाशी."

"मगे? बोटांक मऊ गादी, आणि अंगठ्याक कायच नाय!" ती गाठ सोडू लागली. "पुण्याक जाऊन सांग. मान हललेली नाय."

ऋजुतेने ते तसेच सांगितले. दोनशे मुठी ओतल्या गेल्या नाहीत. संस्थेतले लोक हळहळले, चिडले, पारितोषिकाची आठवण करून देत राहिले.

वैशाखाच्या तोंडावर ती पुन्हा आली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी मूठ घेऊन. निरफणसासारखी जाड, खरबरीत, मळकट. अंगठ्याला रुंद टेकू. पंज्यावरून जाणारा पट्टा, बोटे उघडली तरी टोचा पडू न देणारा.

"बेडकासारी दिसता," द्वारका म्हणाली, आणि हात पट्ट्यात सरकवला.

खांदा हलला. एक घाव. कडकन शिंपला उकलला.

ऋजुतेने लगबगीने मोबाइल काढला. "मावशी, हाताचा एक फोटो..."

"माजो हात काय जत्रेतलो वाघ?" द्वारकेने तुच्छतेने मान वळवली. दुसरे कालव फोडले. तिसरे. चौथे. तिच्या तोंडून कौतुकाचा शब्द आला नाही. टोपलीचा तळ मात्र दिसेनासा झाला.

मग अचानक, न पाहता, तिने एक उघडा शिंपला मागे धरला.

"खा."

मोत्याच्या अस्तरात थरथरणारा तो करडा, जिवंत थेंब. ऋजुतेने डोळे मिटले, ओठ लावले. आणि थंड, खारट, अथांग असे काही तिच्या कंठातून सावकाश, सावकाश खाली उतरत गेले.