कुंकवाची बोटं

दोन वर्षं भांडून मी चाकणच्या आमच्या कंपनीत टेप लायब्ररी आणली. कपाटाएवढं यंत्र, आत चाळीस टेप, आणि बारकोड वाचून हवी ती टेप उचलणारा यांत्रिक हात. सर्व्हर बसला तरी सगळ्या ड्रॉइंगच्या प्रती त्या टेपवर शाबूत राहणार होत्या.

दसऱ्याची सुट्टी संपवून आले, तर स्क्रीनवर एकच रड: एकही टेप ओळखता येत नाही.

"रोहिणी, हे धूड परत पाठवा," मॅनेजर निरंजन सर म्हणाले.

"संध्याकाळपर्यंत थांबा," म्हणत मी यंत्राचं दार उघडलं. प्रत्येक बारकोडवर हळदीकुंकवाची बोटं!

मागे आमचे जुने इलेक्ट्रिशियन तात्याबा उभे होते. "खंडेनवमीला एकबी हत्यार बिनपूजेचं ठेवत न्हाई आमी, ताई."

"अहो, त्याच्या डोळ्यांतच कुंकू घातलंत की!" मी कडाडले.

तात्याबा फडकं घेऊन शेजारी बसले. आम्ही एकेक लेबल पुसलं. डाग निघेना तिथं नवं छापून चिकटवलं. चार वाजता यांत्रिक हात सरसर फिरला. चाळीसच्या चाळीस टेप ओळखल्या. सर दारातून बघत होते.

तात्याबा ओशाळून कुंकवाची डबी खिशात घालत होते. मी ती मागून घेतली आणि यंत्राच्या दारावर, बाहेरून, ठसठशीत बोट ओढलं.

"पुढच्या खंडेनवमीला इथं लावायचं," मी तात्याबांना सांगितलं, सरांना ऐकू जाईल अशा आवाजात.